समाधानाचा पट्टा

लोक आणखी किती दिवस समाधानी राहतील, असं पंतप्रधान डंकन रॅडली यांनी विचारलं, तेव्हा डॉ. शाल्मली उकिडवेला उत्तर माहीत होतं.

डाउनिंग स्ट्रीटवरच्या त्या लहानशा खोलीत तिघंच होते: पंतप्रधान, शाल्मली आणि तिचा नवरा सौमित्र. सौमित्र रॅडलींचा निवडणूक सल्लागार होता. भिंतीवर इंग्लंडचा नकाशा उजळलेला होता. त्यात उत्तरेकडच्या गावांचा एक लांबट भाग हिरवा दिसत होता. महिन्यापूर्वी तो पिवळा होता, त्याआधी लाल. सौमित्रने त्या भागाला 'समाधानाचा पट्टा' असं नाव दिलं होतं आणि ते नाव कार्यालयात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

"दीड महिना तरी," ती म्हणाली. "त्यापुढचं मला सांगता येणार नाही."

"दीड महिना पुरे," रॅडली म्हणाले आणि सौमित्रकडे पाहून हसले.

ब्रिटनमध्ये संसदेची मुदत पाच वर्षांची. पण ती पुरी व्हायची वाट पंतप्रधानाला पाहावी लागत नाही. तो राजवाड्यात जातो, संसद विसर्जित करावी अशी विनंती करतो, राजा ती मान्य करतो आणि साधारण पाच आठवड्यांनी मतदान होतं. मध्यंतरी काही वर्षं एक कायदा होता. मुदतीआधी निवडणूक हवी असेल तर सभागृहातल्या दोनतृतीयांश खासदारांनी हो म्हणायला हवं, असं त्यात होतं. पुढे तो रद्द झाला आणि किल्ली पुन्हा एकट्या पंतप्रधानाच्या खिशात गेली. कुलूप कधी उघडायचं ते मात्र प्रत्येकाला अंदाजानेच ठरवावं लागे. जनमत चाचण्यांत पुढे असताना निवडणूक जाहीर करून तोंडघशी पडलेल्या पंतप्रधानांच्या हकिगती सौमित्रला पाठ होत्या. लोक चाचणीवाल्याला काहीतरी सांगतात आणि मत देताना भलतंच करतात.

शाल्मलीच्या यंत्राला कुणी काही सांगतच नव्हतं. ते गटारातलं पाणी तपासत होतं.

माणूस चिंतेत असला, चिडलेला असला, की त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. वापर झाला की त्याचे अवशेष लघवीवाटे बाहेर पडतात. एका माणसाचं माप घेऊन फारसं काही कळत नाही. त्याची रात्री झोप झाली नसेल, बसही चुकली असेल. पण एका अख्ख्या वस्तीचं सांडपाणी रोज तपासलं, पाऊस आणि लोकसंख्या यांचा हिशेब वजा केला, तर त्या वस्तीचा ताण चढतो आहे की उतरतो आहे ते दिसतं. शाल्मलीने मुठीत मावेल एवढं उपकरण बनवलं होतं. ते सांडपाण्याच्या नळात बसवलं की आपोआप मोजणी करून निकाल प्रयोगशाळेला पाठवायचं. तिने त्याला घरी गमतीने 'जनमापी' म्हटलं होतं. साथीचे रोग आणि मनाचे आजार वेळेवर कळावेत एवढाच तिचा हेतू होता. वस्तीचा ताण उतरला की सरकारी पक्षाची मतं वाढतात, हे नातं जुन्या निकालांशी ताडून सौमित्रने शोधलं. त्यानंतरच्या प्रत्येक पोटनिवडणुकीत जनमापीचा अंदाज खरा ठरला आणि शाल्मलीच्या प्रयोगशाळेला पंतप्रधान कार्यालयाचं काम मिळालं.

खोलीतून बाहेर पडल्यावर सौमित्रने तिचा हात दाबला. रॅडली बुधवारी, प्रश्नोत्तरांचा तास संपला की, राजवाड्यात जाणार होते. ही गोष्ट देशात सहा-सात जणांना माहीत होती आणि त्यांतली एक आता ती होती.

*

शाल्मलीचं घर लँकाशरमधल्या एल्डनशॉ या गावात होतं. प्रयोगशाळाही तिथेच, जुन्या कापडगिरणीच्या आवारात. सौमित्र आठवडाभर लंडनला आणि शनिवार-रविवार घरी असे. आई गेल्यावर शाल्मलीने वडिलांना मिरजेहून इकडे आणलं होतं. अण्णांनी सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून केली होती. एल्डनशॉच्या थंडीत त्यांना दोन गोष्टींनी तगवलं होतं: एक त्यांची गच्च विणीची तपकिरी कानटोपी आणि दुसरी टीव्हीवर दिसणारी ब्रिटनची संसद. खासदार एकमेकांना 'माननीय मित्र' म्हणत जे काही बोलत, ते अण्णा मन लावून ऐकत आणि संध्याकाळी लेकीला ऐकवत.

मुदतीआधी निवडणूक होणार अशी कुजबुज त्यांच्याही कानावर आली होती. शाल्मलीने काही सांगितलं नाही. पण हा हक्क पंतप्रधानाचा असतो हे मात्र त्यांना मान्य नव्हतं.

"गाडी सोडायची ती गार्डने," ते म्हणाले. "ड्रायव्हरच्या मनात आलं म्हणून गाडी सुटायला लागली, तर प्लॅटफॉर्मवरच्यांनी काय करायचं?"

ती हसली. मग तिचं लक्ष त्यांच्या ताटाकडे गेलं. भात तसाच होता आणि लोणच्याची बरणी अर्धी झाली होती. ती सांगलीच्या आत्याने पाठवलेली, दोन महिने पुरावी अशी. अण्णा म्हणाले की हल्ली तोंडाला चवच नाही, खारट काही असलं तरच बरं वाटतं. ताकातही ते चमचाभर मीठ घालून घेत होते. मागच्या पंधरवड्यात त्यांना सर्दीताप होऊन गेला होता, त्याचाच थकवा असेल असं दोघांनी धरलं. खुर्चीतून उठताना त्यांनी टेबलाला हात टेकला आणि क्षणभर डोळे मिटून उभे राहिले.

शाल्मलीने त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की वय झालं की जमीन थोडी हलतेच.

सोमवारी सकाळी ते अंगणात पक्ष्यांना दाणे टाकायला गेले आणि तिथेच कोसळले. शेजारच्या बाईंनी पाहिलं म्हणून लगेच कळलं. रुग्णवाहिकेत त्यांचा रक्तदाब मोजणाऱ्या माणसाने आकडा पाहून यंत्र पुन्हा लावलं. शाल्मली त्यांचा हात धरून बसली होती. हात थंडगार होता आणि अण्णा तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारत होते.

रुग्णालयात डॉ. इफेओमा ओकॉय नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी सलाइन लावलं, रक्त तपासायला पाठवलं आणि अहवालाची वाट न पाहता एक इंजेक्शन दिलं. तासाभरात अण्णांच्या गालांवर रंग आला. जेवणाच्या सुमाराला त्यांनी कानटोपी मागितली.

डॉक्टरांनी शाल्मलीला बाजूला नेऊन समजावून सांगितलं. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. अण्णांच्या त्या ग्रंथी जवळजवळ बंद पडल्या होत्या. अशा माणसाला आधी थकवा येतो, उठताना चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं, कारण अंगातलं मीठ लघवीवाटे निघून जात असतं. मग एखाद्या दिवशी रक्तदाब एकदम पडतो. वेळेवर ओळखलं तर उपचार साधा आहे. नाही ओळखलं तर माणूस हातचा जातो. आणि हा आजार क्वचितच दिसतो, त्यामुळे सहसा तो कुणाला सुचत नाही.

"तुम्हाला कसा सुचला?" शाल्मलीने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "कारण या आठवड्यातले हे माझे पाचवे रुग्ण आहेत. पहिले दोन मला ओळखता आले नाहीत."

मग त्यांनी अण्णांच्या रक्ताचा अहवाल तिच्यापुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या ग्रंथी जे संप्रेरक बनवतात ते अण्णांच्या रक्तात नावालाच उरलं होतं.

ते कॉर्टिसॉल होतं.

*

शाल्मली रुग्णालयातून थेट प्रयोगशाळेत गेली. गाडी चालवताना तिला स्वतःच्याच विचारांची भीती वाटत होती. एल्डनशॉ हे समाधानाच्या पट्ट्यातलं सगळ्यात हिरवं गाव होतं.

आपण चुकत असू, असं ती स्वतःला पुन्हापुन्हा सांगत होती. तपासायचा मार्ग तिला माहीत होता. माणसं खरोखरच निवांत झाली असतील, तर ताणाच्या इतर खुणाही उतरायला हव्यात. घाबरल्यावर मज्जातंतूंतून जे रसायन सुटतं त्याचेही अवशेष सांडपाण्यात येतात. ते जनमापी नोंदवत असे, पण मतांशी त्याचा फारसा संबंध दिसत नाही म्हणून सौमित्रच्या सांगण्यावरून नकाशात धरत नसत. तिने ते आकडे काढले. पट्ट्यात ते उतरले नव्हते, चढले होते. मग तिने मिठाचं प्रमाण पाहिलं. गावोगावच्या सांडपाण्यात मीठ वाढलं होतं, आणि जिथे हिरवा रंग सगळ्यात गडद, तिथे सगळ्यात जास्त वाढलं होतं.

माणसं समाधानी नव्हती. ज्यावरून चिंता मोजायची ते रसायनच त्यांच्या अंगात उरलं नव्हतं.

शीतपेटीत जुने नमुने होते. त्यांत एका साध्या सर्दीच्या विषाणूचा नवा प्रकार सापडायला दुपार पुरली. तो एल्डनशॉत आधी आला, मग शेजारच्या गावात, मग महामार्गाच्या कडेने पुढे, आणि त्याच्यामागे दोन-तीन आठवड्यांनी नकाशा हिरवा होत गेला होता. हे तिच्या डोळ्यांसमोर घडलं होतं. समाधान असं रस्त्यांवरून, गावामागून गाव पसरत नाही, हे कुणालाही सुचायला हवं होतं. नकाशा हिरवा व्हावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून कुणाला सुचलं नाही.

पट्ट्यात लाखो माणसं राहत होती. सगळ्यांना आजार होणार नव्हता. पण लागण झालेल्यांपैकी थोड्यांच्या जरी ग्रंथी निकामी झाल्या, तरी पुढच्या महिन्याभरात रोज माणसं अंगणात, जिन्यात, गाडी चालवताना कोसळणार होती. तोच महिना प्रचाराचा होता.

तिने सौमित्रला फोन केला आणि जे पाहिलं ते सलग सांगितलं. मग त्याने विचारलं की याची खात्री किती. तिने सांगितलं की स्वतःची नोकरी पणाला लावण्याइतकी. तो म्हणाला, ठीक आहे, अहवाल नेहमीच्या मार्गाने आरोग्य खात्याकडे पाठव, ते त्यांच्या पद्धतीने तपासतील.

ती पद्धत दोघांनाही माहीत होती. निवडणूक जाहीर झाली की सरकारी अधिकारी नवं काही जाहीर करायला कचरतात. एखाद्या पक्षाला मदत केल्याचा ठपका नको म्हणून जे थांबवता येईल ते थांबवतात. मंत्री पदावर राहतात, पण संसद नसते. प्रश्न विचारायला खासदार नसतो, कारण खासदारच उरत नाही. आणि या आजाराला नेमकी संसदच लागणार होती. ते इंजेक्शन औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायला हवं, कोसळलेल्या माणसाला शेजाऱ्याने द्यायला हवं. त्यासाठी कायदा बदलावा लागणार होता आणि विसर्जित संसदेला कायदा बदलता येत नाही.

"दोन दिवस थांब," सौमित्र म्हणाला. "बुधवार जाऊ दे. मी स्वतः रॅडलींच्या कानावर घालतो. अर्धवट माहितीवर घबराट उडाली तर त्यातही माणसं मरतात, शालू. आणि तू गोपनीयतेच्या करारावर सही केली आहेस."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ती ऐकत राहिली. तो कराराबद्दल बोलला, चाचण्यांबद्दल बोलला, नंतर नवं भक्कम सरकार हे काम जास्त चांगलं करेल असंही बोलला. अण्णा रुग्णालयात आहेत हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. फोन ठेवेपर्यंत तो त्यांच्याबद्दल काही बोलला नाही.

*

मंगळवारी सकाळी शाल्मली एल्डनशॉच्या खासदार मॉरीन टॅटर्सॉल यांच्या वेस्टमिन्स्टरमधल्या कार्यालयात बसली होती. मॉरीन साठीच्या होत्या. पूर्वी गावच्या शाळेत स्वयंपाकघर सांभाळायच्या, आता संसदेच्या आरोग्य समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या रॅडलींच्याच पक्षाच्या होत्या आणि मागच्या वेळी जेमतेम निवडून आल्या होत्या. नकाशाप्रमाणे बुधवारी निवडणूक जाहीर झाली, तर त्यांची जागा पक्की होती.

शाल्मलीने आजाराबरोबर हेही त्यांना सांगितलं. तिला ते लपवून ठेवणं योग्य वाटलं नाही. मॉरीननी सगळं ऐकून घेतलं, डॉ. ओकॉय यांना फोन लावून चार प्रश्न विचारले, आणि फोन ठेवल्यावर खिडकीतून नदीकडे पाहत राहिल्या.

"माझी बहीण तीन आठवडे मिठाचे शेंगदाणे खाते आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही तिची चेष्टा करत होतो."

त्यांनी आधी बहिणीला रुग्णालयात जायला सांगितलं. मग सभापतींकडे तातडीच्या प्रश्नासाठी अर्ज पाठवला. बुधवारी प्रश्नोत्तरांचा तास संपला की लगेच तो घ्यावा, अशी त्यांची विनंती होती. सभापतींनी ती मान्य केली. त्या दिवसभरात मॉरीन आपल्या पक्षाच्या बऱ्याच खासदारांना भेटल्या. त्यांतले बहुतेक पट्ट्यातल्याच गावांचे होते. कोण काय म्हणालं ते त्यांनी शाल्मलीला सांगितलं नाही.

शाल्मलीने सौमित्रला निरोप ठेवला: मी थांबले नाही. उत्तर आलं नाही.

बुधवारी ती प्रेक्षकांच्या सज्जात, काचेमागे बसली. खाली अधिकाऱ्यांच्या बाकावर सौमित्र होता. त्याने वर पाहिलं, तिला ओळखलं आणि मान खाली घातली. आपली आकडेमोड चुकली असेल, अण्णा आणि ते इतर चार रुग्ण हा निव्वळ योगायोग असेल, तर आपण उद्यापासून कुणालाच तोंड दाखवू शकणार नाही, हे तिला कळत होतं. चुकली नसेल तर काय होणार होतं, तेही कळत होतं. यांतलं काय व्हावं असं आपल्याला वाटतंय, ते मात्र तिला ठरवता येईना.

मॉरीन उभ्या राहिल्या आणि कुठलाही आवेश न आणता, शाळेत सूचना वाचून दाखवावी तशा बोलल्या. त्यांनी आजाराची लक्षणं सांगितली. अंगात थकवा असेल, उठताना चक्कर येत असेल, सारखं खारट खावंसं वाटत असेल, तर आजच डॉक्टरांकडे जा, एवढं त्या सभागृहाला नव्हे तर टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाल्या. मग त्यांनी पंतप्रधानांना विचारलं की या आजारासाठी कायदा बदलायचा तर तो बदलायला पुढच्या आठवड्यात ही संसद जागेवर असेल ना.

रॅडली उत्तरादाखल दोन मिनिटं बोलले आणि त्यात हो किंवा नाही यांतलं काहीच नव्हतं. सत्ताधारी बाकांवरून नेहमी उठणारा पाठिंब्याचा गलका या वेळी उठला नाही.

दुपारी डाउनिंग स्ट्रीटच्या दारासमोर भाषणाचं लाकडी स्टँड आणून ठेवलं, निवडणूक जाहीर होणार हा त्याचा अर्थ सगळ्या वार्ताहरांना ठाऊक होता. पंतप्रधानांची मोटार दाराशी लागली. शाल्मली मॉरीनच्या कार्यालयातल्या टीव्हीपुढे बसून ते पाहत होती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मोटार उभीच होती. पावसाची भुरभुर सुरू झाली तेव्हा एका माणसाने स्टँडवर प्लॅस्टिक टाकलं. मग आणखी दोन माणसं आली आणि ते स्टँड उचलून आत घेऊन गेली.

आत काय झालं ते तिला सौमित्रकडून नंतर कळलं. संसद विसर्जित करायची पंतप्रधानाची विनंती राजाने नाकारल्याचं तिथे कुणाच्या आठवणीत नव्हतं. पण एक जुना संकेत होता. चालू संसद नीट काम करू शकत असेल, निवडणुकीने देशाच्या अर्थव्यवहाराला मोठा धक्का बसणार असेल आणि बहुमत सांभाळू शकेल असा दुसरा कुणी मिळण्याजोगा असेल, तर राजा नाही म्हणू शकतो. मंगळवारी मॉरीनना भेटलेले खासदार दुसऱ्या नेत्याचं नाव सुचवायला तयार असल्याची बातमी त्या दुपारी राजवाड्यापर्यंत पोचली होती. रॅडली कोट घालत असताना राजवाड्यातल्या सचिवांचा फोन आला. राजवाडा नाही म्हणणार नाही, ते म्हणाले, पण राजवाड्याला विचारलं जाऊ नये अशी राजवाड्याची इच्छा आहे.

रॅडलींनी कोट काढून ठेवला.

*

पुढच्या आठवड्यात संसदेने एका दिवसात कायदा बदलला. औषधाच्या दुकानांत ती इंजेक्शनं आली, शाळांच्या दारावर लक्षणांचे फलक लागले. पट्ट्यात हजारो माणसांना ग्रंथींचा आजार निघाला. काही दगावली. त्यांतल्या कुणालाच शाल्मली ओळखत नव्हती, तरी ती प्रत्येकाचं नाव वाचायची. मॉरीनची बहीण वाचली.

पण जे कोसळण्याआधीच वाचले त्यांना आपण वाचलो हे कळण्याचा काही मार्ग नव्हता. एल्डनशॉत महिनाभर दुकानं ओस पडली, सहली रद्द झाल्या, लोक एकमेकांना टाळायला लागले. एवढा बभ्रा केला आणि मेली किती थोडी माणसं, असं बेकरीत कुणीतरी म्हणालं. शाल्मली पाव घेऊन बाहेर पडली.

सौमित्रची नोकरी गेली. पत्नीला आवरू न शकलेला सल्लागार कुणाला नको होता. तो घरी आला तेव्हा अण्णांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि सौमित्रराव, बसा, एवढंच म्हणाले. बरेच दिवस घरात तिघंही फार जपून वागत होती. शेवटी एका दुपारी, भांडी पुसताना, सौमित्र म्हणाला की तिने त्याच्यासाठी थोडी वाट पाहायला हवी होती.

"पाहिली," शाल्मली म्हणाली. "अण्णा कसे आहेत असं तू विचारशील म्हणून पाहिली."

त्याने हातातली बशी खाली ठेवली. त्या दिवसापासून अण्णांच्या गोळ्या वेळेवर द्यायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं.

प्रयोगशाळेच्या संचालकांनी मधल्या काळात शाल्मलीला बोलावून अभिनंदन केलं. मिठाचा आणि त्या दुसऱ्या रसायनाचा हिशेब धरल्यामुळे जनमापी आता आजार आणि समाधान यांत गफलत करत नव्हता. तिने त्याची एकुलती एक चूक दुरुस्त केली होती. पंतप्रधान कार्यालयाला काम पुढे चालू ठेवायचं होतं, विरोधी पक्षानेही विचारणा केली होती. शाल्मलीने सांगितलं की आजारांचं माप ती काढेल, मतांचं काढणार नाही. संचालकांना त्यात काही अडचण दिसली नाही. मतांच्या मापासाठी त्यांनी दुसऱ्या माणसाची नेमणूक केली. दुरुस्ती तिला परत घेता येत नव्हती. तीच दुरुस्ती साथी ओळखायलाही लागत होती.

वसंतात रॅडली राजवाड्यात गेले आणि या वेळी त्यांना कुणी थांबवलं नाही. त्यांना वेळ अचूक कळली होती. ते मोठ्या बहुमताने निवडून आले.

मॉरीन टॅटर्सॉल हरल्या.

*

निकालानंतरच्या रविवारी त्या शाल्मलीकडे चहाला आल्या. अण्णांनी आपलं मत त्यांनाच दिलं होतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक इथे राहतात त्यांना मत देता येतं, हे कळल्यापासून ते मतदानाची वाट पाहत होते. अवघ्या एका गल्लीतल्या मतांनी पडलात, असं ते हळहळून म्हणाले आणि शाल्मलीने ते मॉरीनना इंग्रजीत सांगितलं.

मॉरीननी मान हलवली. मग त्या म्हणाल्या की मतदानाच्या आधी दोन आठवडे पक्षाने एल्डनशॉतले सगळे कार्यकर्ते काढून शेजारच्या मतदारसंघात नेले होते. जनमापीने सांगितलं होतं की एल्डनशॉचा ताण अजून चढलेलाच आहे, ती जागा जाणार, मग तिथे माणसं कशाला वाया घालवायची. शेवटचे दोन आठवडे त्या आणि त्यांची बहीण अशा दोघीच दारोदार फिरल्या. निम्म्या गावापर्यंत त्या पोचल्याच नाहीत.

"एवढंच मला समजत नाही," त्या शाल्मलीला म्हणाल्या. "तुमचं यंत्र बरोबर ठरलं, की त्यांनी ते ठरवलं?"

आजाराच्या वेळी निदान एक चूक सापडली होती, जिच्याकडे बोट दाखवता येत होतं. या वेळी आकडे अगदी बरोबर होते. तिला एकदम वाटलं की आता प्रत्येक गावाला आपलं काय होणार ते आधी ठरवून मिळेल, आणि मग त्या गावात कुणी यायचंच नाही. तिने कप खाली ठेवला.

मॉरीन सौमित्रकडे वळल्या. पुढची निवडणूक कधी होईल, असं त्यांनी विचारलं. आयुष्यभर याच एका प्रश्नाचं उत्तर देऊन तो पोट भरत आला होता.

"पाच वर्षांच्या आत," सौमित्र म्हणाला. "त्याआधी कधी, ते मला माहीत नाही."

"मग आजच सुरुवात करायला हवी," मॉरीन म्हणाल्या आणि कोट शोधू लागल्या.

त्या थट्टा करत नव्हत्या. अण्णांना ते कळल्यावर त्यांनी काठी घेतली. चौघं चालत कालव्यापलीकडच्या वस्तीत गेली. प्रचारात त्या वस्तीपर्यंत कुणीच पोचलं नव्हतं. पहिल्या घराशी मॉरीननी शाल्मलीला पुढे केलं. या घरात कोण राहतं, त्यांनी मत दिलं की नाही, ते चिडलेले आहेत की सुखात आहेत, याची तिला काहीच कल्पना नव्हती. तिने बेल दाबली. आतून कुत्रा भुंकला, मग कुणीतरी चपला ओढत दाराकडे येऊ लागलं. दार उघडेपर्यंत तिला पहिलं वाक्यही सुचलं नव्हतं.

दारात तान्हं मूल कडेवर घेतलेला एक माणूस होता. त्याने चौघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काय हवंय म्हणून विचारलं.

"काही नको," शाल्मली म्हणाली. "तुमचं कसं चाललंय, ते विचारायला आलोय."

दार पूर्ण उघडून त्याने कुत्र्याला आत ओढलं आणि सांगायला लागला.